बोट धक्का सोडण्याआधी

मांडवी नदीवर संध्याकाळी सुटणाऱ्या 'फक्त प्रौढांसाठी' असलेल्या पार्टी-बोटींविषयी, म्हणजे जेवण, मद्य आणि संगीत एकाच तिकिटात देणाऱ्या बोटींविषयी, गेल्या दोन महिन्यांत या स्तंभाकडे बरीच पत्रे आली. डिसेंबरच्या सहली आता ठरू लागल्या आहेत, म्हणून त्यांपैकी पाच पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून नाशिकमधील एका खासगी कार्यालयात हिशेब विभागात काम करते. आमच्या विभागातील नऊ जण डिसेंबरमध्ये गोव्याला जाणार आहोत. त्यांत आम्ही चौघी बायका आहोत. एका संध्याकाळी तीन तासांच्या पार्टी-बोटीचे आरक्षण करायचे घाटत आहे. तिकिटात जेवण आणि 'अनलिमिटेड ड्रिंक्स' धरलेली आहेत व लहान मुलांना प्रवेश नाही. मी दारू पीत नाही आणि मला पोहताही येत नाही. नाही म्हटले तर 'ही नेहमीच मोडता घालते' असे होईल आणि हो म्हटले तर तीन तास जीव मुठीत धरून बसावे लागेल. यजमानांची हरकत नाही, पण सासूबाईंनी 'फक्त प्रौढांसाठी' या शब्दांचाच धसका घेतला आहे. मी काय करावे?

उत्तर : आधी सासूबाईंच्या धसक्याविषयी, कारण तो समजण्यासारखा आहे. या बोटींवर मद्य दिले जाते, संगीताचा आवाज मोठा असतो आणि अंधारात कठड्याजवळ धावणाऱ्या लहान मुलांकडे लक्ष ठेवायला कोणी नसते. 'फक्त प्रौढांसाठी' ही अट बहुतेक ठिकाणी एवढ्याचसाठी असते. मात्र जाहिरातीत याहून वेगळे काही सूचित केलेले दिसले, छायाचित्रे किंवा शब्द खटकले, तर ती बोट सरळ सोडून द्यावी. सासूबाईंना जाहिरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. ऐकीव शब्दापेक्षा पाहिलेला कागद मनाला लवकर पटतो.

आता मुख्य गोष्ट. जमिनीवरच्या पार्टीत आपल्याला नको वाटले की आपण उठतो, चप्पल घालतो आणि रिक्षा करून घरी येतो. बोटीवर ती सोय नाही. काही वर्षांपूर्वी मी मैत्रिणींबरोबर अशाच एका बोटीवर गेले होते. निघून चाळीस मिनिटे होतात न होतात तोच आमच्यातल्या एकीला मळमळू लागले, तिला घाम फुटला आणि 'मला उतरवा' एवढेच ती म्हणत राहिली. खलाशी चांगला होता, त्याने लिंबू आणून दिले, पण बोट परत फिरवणे त्याच्या हातात नव्हते, कारण वरच्या डेकवर साठ माणसांचे तिकीट फाडलेले होते. पुढचे पावणेदोन तास ती माझ्या मांडीवर डोके ठेवून पडून होती. तेव्हापासून मी एक गोष्ट सगळ्यांना सांगत आले आहे : बोटीवर जे काही ठरवायचे असेल, ते धक्क्यावर पाय असतानाच ठरवून घ्यावे. पाण्यात गेल्यावर ठरवायला फारसे काही उरत नाही.

तुमच्यापुरते बोलायचे तर तीन गोष्टी निघण्याआधी ठरवा. पहिली म्हणजे न पिण्याचा निर्णय. तो आदल्या दिवशीच, सगळे सोबत चहा घेत असताना, एकदाच, हसून आणि कोणतेही कारण न देता सांगून टाका. 'औषध चालू आहे' किंवा 'आज उपवास आहे' असे सांगितले की समोरचा त्यावर तोडगा सुचवू लागतो आणि संध्याकाळभर तुम्ही सबबी पुरवत राहता. 'मी घेत नाही' या वाक्याला तोडगा नसतो. बोटीवर पोहोचताच स्वतः बारपाशी जाऊन लिंबू सोडा किंवा कोकम सोडा घ्यावा, पेला हातात ठेवावा आणि तो संपण्याआधी दुसरा स्वतःच आणावा. रिकामा हात दिसला की आग्रह सुरू होतो. पेला ठेवून नाचायला गेलात, तर परत आल्यावर त्याच पेल्यातले पिऊ नये, नवा घ्यावा. ही सवय कोणाविषयी संशय म्हणून लावायची नसते, ती गर्दीत सगळ्यांनीच पाळण्यासारखी आहे.

दुसरी म्हणजे सोबत. चौघींपैकी जिच्याशी तुमचे सूत जुळते, अशा एकीशी आधी बोलून ठेवा की तीन तास आपण दोघी एकमेकींच्या नजरेत राहू. विशेषतः स्वच्छतागृहाकडे जाताना हे फार उपयोगी पडते, कारण ते बहुधा खालच्या मजल्यावर असते आणि तिकडे उतरणारा जिना अरुंद, ओला आणि हलता असतो. ही सहल कार्यालयाच्या वतीने असेल, तर एक गोष्ट सर्वांना माहीत असावी : कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कार्यालयाच्या चार भिंतींपुरता नाही, नोकरीच्या निमित्ताने ज्या ज्या ठिकाणी जावे लागते त्या ठिकाणांना आणि त्या प्रवासालाही तो लागू होतो. छायाचित्रांविषयीही आधीच बोला. डेकवर नाचतानाची चित्रफीत विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर जाणार नाही, हे नऊही जणांनी कबूल केले, तर तुम्हीच काय, बाकीचेही मोकळेपणाने नाचतील.

तिसरी म्हणजे पाणी. पोहता न येणे हा न जाण्याचा आधार होऊ शकत नाही. बोटीवर आलेल्यांपैकी अनेकांना पोहता येत नसते. पण त्यामुळे लाइफ जॅकेटची जबाबदारी तुमच्यावर जास्त येते. बोटीवर चढताच ती कोठे ठेवली आहेत ते पाहा आणि एक अंगात घालून पट्टे आवळा. मग मैत्रिणीला ते खांद्यांजवळ धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले, तर ते सैल आहे आणि पाण्यात ते तुमच्या अंगावर राहणार नाही. मी वर सांगितलेल्या त्याच बोटीवर जॅकेटे बाकाखालच्या पेटीत होती आणि पेटीला पितळी कुलूप होते. किल्ली विचारली तेव्हा ती इंजिनापाशी बसलेल्या माणसाच्या खिशात असल्याचे कळले. आम्ही आग्रह धरला म्हणून ते कुलूप उघडले गेले. तुम्हीही धरा. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

आणि अजूनही मन कचरत असेल तर एक मधला मार्ग आहे. पणजीला मांडवी पुलाजवळच्या सांता मोनिका धक्क्यावरून गोवा पर्यटन विकास महामंडळाची तासाभराची नदीसफर संध्याकाळी सुटते. त्या बोटीवर कुटुंबेही असतात आणि व्यासपीठावर देखणी, फुगडी, कोरिडिन्हो असे नाच होतात. सहलीच्या पहिल्याच संध्याकाळी ती सफर करून पाहा. बोटीचे हलणे तुम्हाला मानवते की नाही, हे एका तासात कळेल आणि मग तीन तासांच्या बोटीविषयी 'हो' म्हणायचे की 'नाही', हे तुम्ही अंदाजाने न सांगता अनुभवाने सांगू शकाल. नाही म्हणायचे ठरले, तर त्या संध्याकाळी पणजीच्या फॉन्तेन्यासच्या गल्ल्यांतून फिरा आणि रात्री सर्वांना जेवायला भेटा. याला कोणी मोडता म्हणणार नाही.

प्रश्न : आम्ही साताऱ्याच्या एका शाळेतील १९८९ च्या दहावीचे चौदा मित्र पुन्हा एकत्र येत आहोत. सर्वांनी माझ्या गळ्यात व्यवस्थापकाची माळ घातली आहे. फक्त आमच्यासाठी एक लहान बोट चार तासांकरिता घ्यावी, तीवर जेवण व मद्याची सोय असावी असा बेत आहे. एकाची बायपास झालेली आहे, दोघांना मधुमेह आहे. आरक्षण करताना काय विचारावे आणि काय टाळावे, हे सविस्तर सांगाल का?

उत्तर : तुम्ही माळ गळ्यात घालून घेतलीच आहे, तर ती शेवटपर्यंत सांभाळावी लागेल आणि त्यासाठी त्या संध्याकाळी तुम्ही स्वतः न पिणे किंवा अगदी नावापुरते घेणे, ही पहिली अट मी तुम्हाला घालते. चौदांपैकी आणखी एकाला याच कामी सोबत घ्या.

बोटीविषयी एकच प्रश्न विचारायला मिळाला, तर मी 'या बोटीवर किती माणसांची परवानगी आहे आणि ते कोणत्या कागदावर लिहिले आहे?' हा विचारीन. नद्या-खाड्यांतून चालणाऱ्या जहाजांसाठी आता १९१७ चा जुना कायदा नाही, त्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. त्यानुसार बोटीची नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र, चालवणाऱ्याचे पात्रता प्रमाणपत्र आणि विमा या गोष्टी अपेक्षित आहेत. गोव्यात हे काम बंदर कप्तान खाते पाहते. प्रवाशांची मर्यादा तपासणीच्या प्रमाणपत्रात लिहिलेली असते आणि तीत खलाशी धरले आहेत की नाहीत, हेही विचारून घ्यावे. मालक प्रामाणिक असेल तर तो मोबाइलवर कागदाचे छायाचित्र पाठवतो; 'अहो, रोज जातात माणसे' एवढेच उत्तर आले, तर दुसरी बोट शोधावी.

मी या आकड्यावर एवढा भर का देते, ते सांगते. केरळमधील तानूर येथे ७ मे २०२३ च्या संध्याकाळी पर्यटकांची दुमजली बोट उलटून २२ जण गेले. ती मुळात मासेमारीची होडी होती, तिला मजला चढवलेला होता आणि तिच्यात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. त्या धडकेत बोटीवरच्या प्रवाशांचा काहीही दोष नव्हता. पण जॅकेट अंगात असणे आणि ते पेटीत असणे यांत किती अंतर असते, हे त्या दिवशी सगळ्या किनाऱ्याने पाहिले.

दुमजली बोटीची एक साधी गोष्ट सर्व मित्रांना आधीच समजावून ठेवा. वजन जितके वर, तितकी बोट डगमगण्याची शक्यता जास्त. सूर्य बुडताना छायाचित्रासाठी चौदाही जण एकाच कठड्याशी धावले, तर बोट त्या बाजूला झुकते आणि झुकलेल्या डेकवरून उरलेले जणही घसरत त्याच बाजूला येतात. मांडवीवर डिसेंबरात सव्वासहाच्या आत सूर्य मावळतो आणि नेमके त्याच वेळी सगळे पश्चिमेकडे धावतात. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख खलाशी, 'मागे सरका' म्हणाला, तर तत्काळ सरकावे. तो आपला आनंद कमी करायला तसे म्हणत नसतो.

मार्ग विचारून घ्या. पणजीहून पश्चिमेकडे निघाले की उजव्या काठावर रेईस मागूशचा किल्ला दिसतो, डाव्या हाताला कांपाल आणि मिरामार लागते. तिथपर्यंत नदी बहुधा शांत असते. त्यापुढे मुखाशी वाळूचा बांध आहे आणि समुद्राची लाट आत येते, तेव्हा बोटीचे हलणे एकदम वाढते. बायपास झालेल्या आणि बोट लागणाऱ्या माणसांसाठी नदीतच फिरून परत येणारा मार्ग ठरवा आणि तसे लेखी घ्या. बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी निघण्याआधी अ‍ॅव्होमीनसारखी गोळी घेतली, तर त्या संध्याकाळी मद्य घेऊ नये. दोन्ही गोष्टी झोप आणतात आणि एकमेकींचा परिणाम वाढवतात.

मधुमेही मित्रांविषयी जे सांगते ते कृपया बोटीवर चढण्याआधी सर्वांसमोर वाचून दाखवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने रिकाम्या पोटी मद्य घेतले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा माणसाला घाम येतो, हात थरथरतात, बोलणे जड होते, पाऊल अडखळते आणि तो भलतेच बोलू लागतो. बाजूचे मित्र म्हणतात, 'ह्याला चढली, झोपू द्या.' त्याला झोपू देणे हीच चूक असते. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि बोट परत फिरवायला सांगावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर निजवावे आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी. समुद्रावर संकट आले तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. दोन्ही क्रमांक दोन-तीन फोनमध्ये आधीच साठवून ठेवा. ग्लुकोजचा एक डबा पिशवीत टाकायला काहीच अडचण नसावी. बायपास झालेल्या मित्राने मद्याविषयी स्वतःच्या डॉक्टरांना विचारावे. ते उत्तर या स्तंभातून देणे योग्य होणार नाही.

जेवणाची वेळ हा बेतातला सगळ्यात दुर्लक्षित भाग असतो. आयोजक जेवण शेवटच्या तासाला लावतात आणि पहिले तीन तास लोक चकण्यावर पीत राहतात. खारे शेंगदाणे, तळलेले पापड, मसालेदार चिकन यांनी तहान वाढते आणि माणूस ती मद्याने भागवतो. तुम्ही दुपारी चारच्या सुमारास सर्वांना पोटभर साधे जेवण द्या, वरण-भात, भाकरी, उसळ, काहीही. आणि बोटीवरचे जेवण दुसऱ्या तासालाच लावायला सांगा. उघड्यावर तासन्‌तास ठेवलेली कोळंबी आणि मासे शेवटी खाऊ नयेत. पाण्याच्या बाटल्या मोजून घ्या, माणशी किमान दोन.

हिशेब एकदाच सांगून ठेवते. व्हिस्की किंवा रमचा ३० मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम मद्यार्क, आणि शरीर तासाला जेमतेम तेवढाच बाहेर टाकते. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे असे चार पेग झाले. 'मी फक्त बिअरच घेतो' म्हणणाऱ्या मित्राला हे आवर्जून सांगा. फेणी ४२ ते ४५ टक्क्यांची असते, तीही पाण्यासारखी घेण्याची वस्तू नव्हे.

मद्य बोटीवर मिळणार असेल, तर त्यासाठी अबकारी खात्याचा परवाना आहे का, हे विचारा. पैशांविषयी फार लिहीत नाही : पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये, हवामानामुळे फेरी रद्द झाली तर काय, हे लेखी घ्यावे, आणि 'अनलिमिटेड'मध्ये कोणती पेये, किती वेळ, हे स्पष्ट करून घ्यावे. उघड्या जागी ध्वनिक्षेपक रात्री दहापर्यंतच लावता येतो, त्यामुळे रात्री अकरापर्यंत मोठे संगीत देऊ म्हणणारा आयोजक नियमाबाहेरचे वचन देत आहे, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे आणि पुण्यात शिकतो. महाविद्यालयातील मित्रांबरोबर गोव्यात पार्टी-बोटीवर जाण्याची परवानगी त्याने मागितली आहे. जाहिरातीत '१८ वर्षांवरील सर्वांना प्रवेश' असे आहे. कायद्याने तो प्रौढ आहे. मी आडवे यावे का?

उत्तर : प्रवेशाचे वय आणि पिण्याचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरात त्यांतली पहिलीच सांगते. गोव्यात मद्य पिण्यासाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि इतर कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. म्हणजे तुमचा मुलगा बोटीवर जाऊ शकला, तरी 'अनलिमिटेड'च्या तिकिटातला एक थेंबही त्याला कायद्याने देता येत नाही. आणि त्याला तो दिला जात असेल, तर ज्या आयोजकाला कायद्याची पर्वा नाही, त्याला जॅकेटांची आणि माणसांच्या आकड्याची पर्वा असेल, असे मला वाटत नाही.

आडवे येऊ नका, पण त्याच्याबरोबर बसा. मुलाने विचारले आहे, हीच मोठी गोष्ट आहे. पुष्कळ मुले विचारत नाहीत. त्याला जायचे आहे ते मुख्यतः मित्रांबरोबर एक संध्याकाळ पाण्यावर घालवायला, असे गृहीत धरून मद्याशिवायचे तिकीट मिळते का, हे त्यालाच विचारायला लावा. एका गोष्टीवर मात्र स्पष्ट बोला. पार्टीत कोणी गोळी, पूड किंवा गांजा पुढे केला, तर १९८५ च्या अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात तो जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे आणि सेवन करणे हाही. 'मी फक्त मित्रासाठी खिशात ठेवला होता' हे सांगून सुटका होत नाही. बोटीवर झडती झाली तर बाजूला सरकायला जागाही नसते. हे त्याला भीती घालण्याच्या सुरात न सांगता, वडीलधाऱ्याने घरातल्या मोठ्या मुलाशी बोलावे तसे सांगा. आणि शेवटी हे नक्की सांगा की काहीही झाले, कितीही वाजले, तरी फोन केल्यावर आधी तुम्ही त्याला घ्यायला याल आणि प्रश्न दुसऱ्या दिवशी विचाराल.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे पाच मित्र स्वतःच्या गाडीने जाणार आहोत. बोटीवरून उतरल्यावर मुक्कामापर्यंत भाड्याच्या दुचाकीने जायचे आहे. परतताना स्वस्त मिळणाऱ्या सात-आठ बाटल्या घरी आणायच्या आहेत. काही अडचण?

उत्तर : दोन्हींत अडचण आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सापडला, की मोटार वाहन कायद्याने तो गुन्हा होतो. पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तीन तासांची बोट उतरल्यावर पाचांपैकी कोणीही त्या मर्यादेच्या आत असेल, असे मी धरून चालणार नाही. दुचाकी दिवसा हवी तर जरूर घ्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्या, कारण तीच भाड्याने देण्याची अधिकृत गाडी असते. पण त्या संध्याकाळी ती मुक्कामीच ठेवा आणि धक्क्यावर जाण्यायेण्यासाठी टॅक्सी ठरवा. एकट्या-दुकट्याला गोव्यातले 'पायलट', म्हणजे पुढचा मडगार्ड पिवळा असलेल्या मोटरसायकलचे चालक, विश्वासाने नेऊन सोडतात.

बाटल्या मात्र आणू नका. गोव्यात विक्रीसाठी असलेल्या मद्यावर कर कमी आहे आणि ते विनापरवाना महाराष्ट्रात आणणे हा १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर आणि आंबोलीच्या वाटेवर तपासणी होते. बाटल्या तर जातातच, गाडीही जप्त होऊ शकते, आणि सावंतवाडीच्या न्यायालयाच्या खेपा त्यापुढे सुरू होतात. घरच्यांसाठी काजू आणा, बेबिंका आणा.

प्रश्न : मी ६१ वर्षांची आहे, डोंबिवलीत राहते. यजमान जाऊन सहा वर्षे झाली. आम्ही भिशीच्या पाच मैत्रिणी गोव्याला जाणार आहोत आणि आमच्यातल्या दोघींना पार्टी-बोटीवर जायचे आहे; खरे सांगायचे तर मलाही जायचे आहे. एखादा ग्लास वाइन घेऊन पाहावी असेही मनात आहे. मुलगा म्हणतो, 'आई, हे काय तुझं वय आहे का?' मला त्याचे बोलणे लागले. तुम्हाला काय वाटते?

उत्तर : मला वाटते, तुम्ही जावे. 'फक्त प्रौढांसाठी' या शब्दांत तुमच्याइतके बसणारे दुसरे कोण आहे? मुलगा काळजीपोटी बोलला असेल, पण काळजी व्यक्त करण्याची ती रीत बरोबर नव्हती, आणि तुम्हाला ते लागले हे त्याला शांतपणे सांगण्यात काही वावगे नाही. त्याच्याकडे एक काम सोपवा : बोटीचे कागद आणि माणसांची मर्यादा तपासण्याचे. काळजीला काम मिळाले की ती टोमणा होऊन बाहेर पडत नाही.

वाइन घेऊन पाहायची असेल, तर पहिल्यांदा बोटीवर घेऊ नका. आदल्या रात्री मुक्कामी, जेवणाबरोबर, मैत्रिणींसोबत अर्धा पेला घ्या आणि अंगाला कसे वाटते ते पाहा. रक्तदाबाची, झोपेची किंवा अन्य कोणतीही गोळी रोज चालू असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचे औषध चालू असताना तर मद्याला हातही लावू नका. बोट निवडताना वरच्या डेकवर डीजे असलेली मोठी बोट घेण्यापेक्षा संध्याकाळी लवकर सुटणारी, दीड-दोन तासांची आणि बसायला पाठ टेकता येईल अशी आसने असलेली बोट घ्या. नदीवर अंधार पडला की वारा गार होतो, त्यामुळे शाल किंवा स्वेटर जवळ असू द्या. साडी नेसणार असाल तर ती घोट्याच्या वर ठेवा आणि पायांत रबरी तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल घाला.

आणि सर्वांत जास्त जपा ते चढता-उतरताना. बोट आणि धक्का यांच्यामधली फट लाटेबरोबर क्षणात वीतभर होते आणि क्षणात हातभर. परतताना पणजीचे दिवे जवळ आले की सगळे एकदम उठून दाराशी गर्दी करतात, तेव्हा तुम्ही पाचजणी बसून राहा. खलाशाने पुढचा आणि मागचा असे दोन्ही दोर धक्क्याला बांधले, फळी टाकली आणि हात पुढे केला, की मग उठा. त्याचा हात धरताना बोटे धरू नका, मनगट धरा.